खुशीने नको, हुकमाने

स्वारगेट डेपोत जरीना बागवान हे नाव माहीत नसेल असा माणूस सापडला असता, पण तिचा आवाज ऐकला नाही असा सापडला नसता. खच्चून भरलेल्या बसमध्ये मागच्या दारातून ती म्हणायची, "पुढे सरका, पुढची सीट काही तुम्हाला चावत नाही," आणि पार ड्रायव्हरजवळ उभी असलेली माणसंसुद्धा दोन पावलं सरकायची. वय चौतीस. अंगाने किरकोळ. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि तिकिटाचं मशीन गळ्यात.

मंडईत फळांचा गाळा असलेल्या मकसूद बागवानांची ही मधली मुलगी. बागवानांची पोर बसवर कशाला, असं नातेवाइकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "मंडईतली गर्दी मी फुकट सांभाळते. बसमधली सांभाळली की पगार मिळतो." ही गोष्ट लग्नाच्या आधीची.

लग्न जावेदशी झालं. तोही बागवानच, फळांच्याच धंद्यातला, कोथरूडला मेहुण्याच्या ज्यूस सेंटरवर बसणारा. बोलायला गोड. पहिली काही वर्षं बरी गेली, आलिमा झाली, आणि मग घरात जरीनाच्या ड्युटीवरून कुरबुरी सुरू झाल्या. पहाटे पाचला बाई घराबाहेर पडते हे सासूला पटत नव्हतं, आणि जावेदला स्वतःचं असं मत कधी नव्हतं. एकदा तो म्हणाला, "नोकरी सोड, नाहीतर घर सोड." त्याला वाटलं ती रडेल. तिने कपाटावरची बॅग खाली काढली.

दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात खुला झाला, म्हणजे तिने मागून घेतलेला घटस्फोट. निकाहात ठरलेली मेहरची रक्कम तिने सोडली, दागिन्यांचा विषय काढला नाही. आलिमाचं काय, असा प्रश्न आला तेव्हा जावेदच्या मामांनी बैठकीत एक अट घातली. मुलगी आईकडे राहू दे, पण मग खर्चही आईचाच. तसं लिहून द्यायचं. जरीनाने पाचशेचा स्टॅम्पपेपर पुढे ओढला आणि म्हणाली, "पोरगी मला द्या. बाकी तुमचं तुम्हाला लखलाभ." कागदावर लिहिलं होतं, 'मी स्वतःकरिता व मुलगी आलिमा हिचेकरिता यापुढे कसलाही खर्च मागणार नाही.' तिने खाली सही ठोकली. बैठकीतून बाहेर पडताना तिची मान ताठ होती.

तीन वर्षं ती त्याच ताठ मानेवर जगली. गंज पेठेत एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेतलं, आलिमाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलं. ओव्हरटाइम मिळेल तिथे उचलला. डेपोत कोणी विचारलं की सांगायची, "त्याचा एक रुपया घेत नाही मी." सांगताना बरं वाटायचं. दर दुसऱ्या रविवारी जावेद आलिमाला घेऊन जायचा, सारसबागेत फिरवायचा, संध्याकाळी आणून सोडायचा. त्यालाही तिने कधी आडकाठी केली नाही.

आलिमा नऊ वर्षांची झाली. उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला शिकली आणि त्यात एवढी रमली की शिकवणाऱ्या बाईंनी जरीनाला बोलावून सांगितलं, हिला नियमित बॅचला घाला, पोरीत दम आहे. तिमाही फी होती, पोहण्याचा पोशाख होता, चांगला गॉगल होता. जरीना म्हणाली, बघू. त्याच आठवड्यात रविवार आला आणि आलिमाने बापाकडे गॉगल मागितला.

संध्याकाळी परत आली ती गप्प. जरीनाने पोळी वाढली, तरी ताटाकडे बघत बसली. मग विचारलं, "अम्मी, तू मला लिहून घेतलंयस का?"

"काय?"

"अब्बा म्हणाले, तुझं सगळं तुझ्या आईने लिहून घेतलंय. आता माझ्याकडे काही मागायचं नाही." जराशाने तिने पुन्हा विचारलं, "म्हणजे मी विकलेली आहे का?"

जरीना त्या पोरीवर उगीचच खेकसली, जेव म्हणाली, आणि मग तिला जवळ घेऊन बसून राहिली. ती झोपल्यावर कपाटातून स्टॅम्पपेपर काढला. तीन वर्षांत पहिल्यांदा नीट वाचला. 'स्वतःकरिता' इथपर्यंत ठीक होतं. तिथे तिने स्वतःचं सोडलं होतं, तो तिचा अधिकार होता. पण पुढच्या ओळीत आलिमाचं नाव होतं, आणि तिला कोणी विचारलंच नव्हतं. आपण ज्याला स्वाभिमान म्हणत होतो त्याच्यावर तीन वर्षं जावेद आरामात झोपला, हे तिला त्या रात्री कळलं, आणि राग आला तो आधी स्वतःचाच आला.

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर ती मंडईत अब्बांच्या गाळ्यावर गेली. मकसूदभाई पपया मांडत होते. तिने सांगितलं, कोर्टात जाणार आहे, आलिमाची पोटगी मागणार आहे.

हातातली पपई तशीच धरून ते म्हणाले, "ज्याला आपण नको म्हणून आलो, त्याच्यापुढे हात पसरायचा?"

"हात माझा नाही, अब्बा. आलिमाचा आहे."

"आपल्यात पोरीच्या खर्चासाठी कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही आजवर."

"मग पहिली मी."

"आणि लिहून दिलंयस त्याचं काय?"

त्याचं काय, हे तिलाही माहीत नव्हतं. अब्बांनी पाठ फिरवली आणि पुन्हा पपया मांडायला घेतल्या. त्यानंतर दोन महिने ते तिच्याशी गरजेपुरतंच बोलले.

सुट्टीच्या दिवशी ती शिवाजीनगरला गेली. बाईला कोर्टात वकील फुकट मिळतो, पगार कितीही असो, हे तिला एका प्रवासी बाईंकडून कळलं होतं. विधी सेवा कार्यालयात अर्ज भरला, आठ दिवसांनी वकील नेमून आली. अॅडव्होकेट निकिता पोतनीस. तिशीतली, चष्मेवाली, बोलणं तुटक. जरीनाने स्टॅम्पपेपर पुढे ठेवला आणि सरळच सांगितलं, "सही माझीच आहे. जबरदस्ती वगैरे काही नव्हती. आता बोला."

निकिताने कागद वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली आणि बाजूला ठेवला. "छान आहे. पाचशे रुपये वाया गेले."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचं तुम्ही सोडलंत, त्यावर वाद होऊ शकतो. मुलीचं तुम्ही सोडूच शकत नाही. पोटगी हा मुलीचा हक्क आहे. तिच्या वतीने तुम्ही फक्त ती मागणार. जे आपलं नाही ते लिहून कसं देता येईल? उद्या मी तुम्हाला शनिवारवाडा लिहून दिला तर घ्याल का?"

जरीनाला हसू आलं, महिनाभरात पहिल्यांदा.

"आणि आमच्यात वेगळा कायदा असतो ना?" तिने विचारलं.

"हे कलम धर्म विचारत नाही. आधी एकशे पंचवीस होतं, जुलैपासून नव्या संहितेत एकशे चव्वेचाळीस झालंय. मूल स्वतःला पोसू शकत नाही आणि बाप पोसू शकतो, तरी पोसत नाही, एवढं दाखवायचं. बाप नाकारत असता तर आधी तो बाप आहे हे सिद्ध करावं लागलं असतं. इथे तो प्रश्न नाही. जन्मदाखल्यावर नाव आहे, रविवारी फिरायला नेतो. प्रश्न एकच, किती."

ते 'किती' काढायला पुढचं सव्वा वर्ष गेलं.

दोन हजार चोवीसच्या ऑगस्टमध्ये अर्ज दाखल झाला. सोबत एक लांबलचक शपथपत्र. आई-बाप दोघांनीही आपापलं भरायचं, कमाई, मालमत्ता, कर्जं, खर्च, सगळं उघडं करून. निकिताने जरीनाला मुलीच्या खर्चाची यादी लिहून आणायला सांगितली. जरीनाला वाटलं, दहा मिनिटांचं काम. तीन संध्याकाळी लागल्या. फी, व्हॅन, शिकवणी, पोहणं, नवा मोबाइल, दूध, औषधं. खोलीच्या भाड्यात आलिमाचा वाटा किती धरायचा? पोर पेन्सिली कुरतडते, त्या महिन्याला किती? आलिमा शेजारी बसून मदत करत होती. "आंबे लिही," म्हणाली. "आंबे आजोबा देतात," जरीना म्हणाली. बेरीज सतरा हजार आठशे झाली. पगार हातात अठ्ठावीस हजार येत होता. एवढी वर्षं हे कसं भागलं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

स्वतःच्या कमाईच्या रकान्यात तिने अठ्ठावीस हजार लिहिले. निकिताने विचारलं, "ओव्हरटाइम?"

"तो कधी असतो, कधी नसतो."

"असतो तेव्हा किती?"

"तीन हजार. कधी चार. पण ते लिहिलं तर म्हणतील, बाई भरपूर कमावते."

"म्हणू दे. लपवलंत आणि त्यांनी शोधलं, तर तुमचं बाकीचं खरंसुद्धा खोटं ठरेल. तुम्ही बसमध्ये विनातिकीट पकडता ना माणसं? उरलेल्या प्रवासात कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतं का?"

जरीनाने ओव्हरटाइम लिहिला. लिहिताना जीव तुटला.

पहिल्या तारखांना कोर्टाने दोघांना समुपदेशकाकडे पाठवलं, आपसात मिटतं का बघायला. छोटी खोली, मध्ये टेबल, पलीकडे जावेद. पांढरा शर्ट, केस व्यवस्थित. समुपदेशक बाईंनी शांतपणे दोघांचं ऐकून घेतलं. जावेद म्हणाला, "मॅडम, खरं तर लिखापढी झालेली आहे. पण कोर्टाचा मान ठेवून, माझ्या खुशीने, महिन्याला तीन हजार देईन. वाद नको."

समुपदेशक बाईंनी जरीनाकडे पाहिलं.

"खुशीने नको," जरीना म्हणाली. "खुशी आज असते, उद्या नसते. गॉगल मागितला त्या दिवशी नव्हती. मला हुकमाने हवेत."

"अगं, अशाने कटुता वाढते."

"वाढू द्या, मॅडम. फीसुद्धा वाढतेच आहे."

मिटलं नाही. जावेदचं शपथपत्र आलं तेव्हा ते वाचून जरीनाचे कान तापले. 'गुलशन ज्यूस सेंटर' हे मेहुणा शहाबाज याच्या मालकीचं आहे, आपण तिथे नोकर आहोत, पगार रोखीत चौदा हजार, आई आजारी, स्वतःच्या नावावर काही नाही. पोहण्याची बॅच ही चैन आहे आणि मुलीला महापालिकेच्या शाळेत घालता येईल, तिथे फी नसते, असंही एक कलम होतं. त्या कागदांवर कोर्टाने अंतरिम पोटगी ठरवली, चार हजार. अंतिम निकाल लागेपर्यंतची तात्पुरती सोय.

"चार हजार!" कोर्टाच्या आवारात जरीना एवढ्या मोठ्याने म्हणाली की झाडाखालची माणसं वळून बघायला लागली. "अहो, त्याच्या गाडीला मागचं दाखवणारा कॅमेरा आहे. चौदा हजारांत कॅमेरा येतो?"

"गाडी कोणाच्या नावावर?"

"शहाबाजच्या."

"दुकान?"

"तेही."

"मग मला आरडाओरडा नको, कागद हवा," निकिता म्हणाली. "कोर्ट अंदाज करायला तयार असतं, पण अंदाजाला टेकू लागतो."

टेकू जरीनाला ड्युटीवर सापडला. ऑक्टोबरात तिला स्वारगेट ते कोथरूड डेपो हा मार्ग मिळाला. शेवटच्या थांब्यावर गाडी बारा मिनिटं उभी राहायची, आणि गुलशन ज्यूस सेंटर तिथून चालत तीन मिनिटांवर होतं. पहिल्या दिवशी ती नुसती समोरच्या पदपथावर उभी राहून बघत होती. गिऱ्हाइकं येत होती, ग्लास रिकामे करत होती, काउंटरवरच्या चौकोनी कोडसमोर मोबाइल धरत होती. छोटा डबा दर वेळी ओरडत होता, साठ रुपये प्राप्त झाले, एकशे वीस रुपये प्राप्त झाले. जरीनाच्या मनात आलं, हे जे प्राप्त होतं ते कोणाला?

दुसऱ्या दिवशी ती गणवेशातच आत गेली. काउंटरवर जावेद होता. तिला बघून त्याचा चेहरा पडला.

"एक मोसंबी. बर्फ कमी, साखर नको."

"तू इथे कशाला?"

"तहान लागली."

चार गिऱ्हाइकं समोर उभी, तो काय बोलणार? त्याने ग्लास भरून पुढे सरकवला आणि हळूच म्हणाला, "पैसे राहू दे."

"मी फुकट पीत नाही," ती म्हणाली. नेहमीच्याच आवाजात, त्यामुळे दुकानभर ऐकू गेलं. मोबाइल काढला, कोडसमोर धरला. पडद्यावर दुकानाचं नाव आलं आणि त्याच्या खाली बारीक अक्षरात बँकेतलं नाव. जावेद इब्राहिम बागवान. तिने साठ रुपये भरले, तो पडदा जपून ठेवला, मग उभ्या उभ्या सगळा रस प्यायला. चव चांगली होती. जावेदच्या हाताला चव होतीच, ते ती नाकारत नव्हती.

पुढच्या पाच आठवड्यांत ती आणखी तीनदा गेली. चार पावत्या जमल्या, चारही त्याच नावाच्या. निकिताने मोबाइल हातात घेतला आणि एकेक पावती सरकवून पाहिली. मग म्हणाली, "अहो, दोनशे चाळीस रुपयांत एवढा पुरावा मला आजवर कोणी आणून दिलेला नाही. वर तुम्ही ज्यूसही प्यायलात."

त्या पावत्यांवर निकिताने अर्ज केला. जावेदने शपथपत्रात हे खातं दाखवलेलं नाही, त्याला खात्याचे उतारे हजर करायला सांगा. कोर्टाने सांगितलं. जावेदने तीन तारखा काढल्या. एकदा वकील आजारी, एकदा बँकेला सुट्टी, एकदा कारणच नाही. चौथ्या तारखेला न्यायाधीश बाईंनी सांगितलं की उतारे आले नाहीत तर त्याचा जो अर्थ काढायचा तो कोर्ट काढेल. पुढच्या आठवड्यात उतारे आले. खात्यात महिन्याला सरासरी दोन लाख नव्वद हजार जमा होत होते.

जावेदच्या वकिलांनी लगेच बाजू बदलली. दुकान अशिलाचंच आहे असं क्षणभर धरलं, तरी हा सगळा पैसा फळांत, भाड्यात आणि कामगारांत जातो, हाती काही उरत नाही.

जरीनाची उलटतपासणी दोन हजार पंचवीसच्या जुलैत झाली. ती साक्षीदाराच्या जागी उभी राहिली आणि सहज मागे पाहिलं, तर शेवटच्या बाकावर अब्बा बसलेले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी, हातात छत्री. येणार असल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं, आणि ती बघतेय हे दिसल्यावर ते खिडकीकडे बघायला लागले.

जावेदचे वकील वयस्कर होते, आवाज मऊ. त्यांनी स्टॅम्पपेपर पुढे केला. "ताई, ही सही आपली?"

"माझी."

"वाचून केलीत?"

"वाचून केली."

"कोणी धमकी दिली?"

"नाही."

"मग स्वतः लिहून दिलेलं मोडायला आपण कोर्टात आलात, बरोबर?"

"माझ्यासाठी लिहिलं ते मी मोडलेलं नाही. माझ्यासाठी मी एक रुपया मागितलेला नाही, अर्ज बघा. कागदावर आलिमाचं नाव आहे, तर आलिमाची सही दाखवा."

"ती तर लहान आहे."

"तेच म्हणतेय मी."

न्यायाधीश बाईंनी टंकलेखिकेकडे पाहून मान हलवली, म्हणजे उत्तर जसंच्या तसं घ्या. वकिलांनी विषय बदलला. "आपल्याला पगाराशिवाय कमाई आहे. ओव्हरटाइम. खरं की नाही?"

"खरं. शपथपत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय. तुमच्या अशिलाच्या तिसऱ्या पानावर खातं सापडत नाही."

"विचारलं तेवढंच सांगा," न्यायाधीश बाई म्हणाल्या. जरीना बरं म्हणाली. मग वकिलांनी फळांच्या खर्चाचा मुद्दा काढला आणि तिथे त्यांची चूक झाली. त्यांनी विचारलं, "रसवंतीच्या, म्हणजे ज्यूसच्या धंद्यातलं आपल्याला काय कळतं?"

"एका ग्लासाला तीन मोसंब्या लागतात," जरीना म्हणाली. "घाऊक भावाने पंचवीस रुपयांच्या आत. ग्लास साठला. कलिंगडात तर त्याहून जास्त सुटतात. भाडं आणि दोन माणसांचा पगार काढा, तरी महिन्याला साठ-सत्तर हजार हातात राहिले नाहीत तर त्याने धंदा बंद करावा. मी मकसूद बागवानांची मुलगी आहे. मंडईत जन्म गेला माझा."

वकिलांनी, पुढे काही विचारायचं नाही, असं सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर अब्बा छत्री टेकून उभे होते. जरीना जवळ गेली. काय बोलतील याचा अंदाज येईना. ते म्हणाले, "तीन कशाला सांगितलंस? मोसंबी बारीक असेल तर चार लागतात."

"अब्बा, वकील त्यांचे आहेत, तुम्ही कोणाचे?"

"मी हिशेब बरोबर पाहिजे म्हणतोय," ते म्हणाले. मग दोघं बसने मंडईपर्यंत आले. तिकीट अब्बांनी काढलं.

निकाल नोव्हेंबरात लागला. निकिताने तिला तो कॅन्टीनमध्ये बसून समजावून सांगितला. आईने लिहून दिलेल्या कागदाने मुलीचा हक्क जात नाही. जावेदने कमाई लपवली, म्हणून खात्यातल्या रकमेतून खर्च वजा जाता त्याचं उत्पन्न महिना पासष्ट हजारांपेक्षा कमी नाही असं कोर्टाने धरलं. मुलीचा खर्च पंधरा हजार मान्य केला. शिकवणीचा आकडा जास्त वाटला, तो कापला, नव्या मोबाइलचा काढून टाकला. पोहण्याचा ठेवला. आई कमावते, तेव्हा सगळा भार बापावर नाही, पण आई रोज मुलीला वाढवते, तोही तिचा वाटाच समजायचा. म्हणून बापाने दरमहा साडेदहा हजार द्यायचे, दहा तारखेच्या आत. शिवाय शाळेच्या वर्षाच्या फीतले निम्मे. आणि हे आजपासून नाही, अर्ज केला त्या दिवसापासून. आधी भरलेले वजा करून राहिलेली थकबाकी चार हप्त्यांत.

"त्याच्याकडून पंधरा मागितले होते आपण," जरीना म्हणाली.

"तीन देत होता तो," निकिता म्हणाली. "आणि हे काही दगडावर कोरलेलं नाही. त्याची कमाई वाढली, मुलीचा खर्च वाढला, तर पुन्हा अर्ज करा, रक्कम बदलून मिळते. त्यालाही तो रस्ता मोकळा आहे, हेही लक्षात ठेवा."

आवारात जावेद भेटला. बराच वेळ थांबलेला दिसत होता. "पोरीच्या नावावर चैन कर आता," तो म्हणाला.

"करणार आहे," जरीना म्हणाली. "मंगळवार-गुरुवार-शनिवार, संध्याकाळी पाच ते सहा. बघायला येत जा, बाप म्हणून बसायला जागा आहे तिथे."

तो वळून निघून गेला.

डिसेंबरात पैसे आले, जानेवारीत आले. फेब्रुवारीची दहा तारीख गेली, पंधरा गेली, काही नाही. पूर्वीची जरीना असती तर फोन करून दोन शिव्या दिल्या असत्या, किंवा तीच जुनी मान ताठ करून, नको तुझे पैसे, म्हणाली असती. तिने दोन्ही केलं नाही. सोळा तारखेला अर्ध्या दिवसाची रजा टाकली, शिवाजीनगरला जाऊन निकिताकडून वसुलीचा अर्ज लिहून घेतला आणि दाखल केला. हुकूम मोडला तर कोर्ट वॉरंट काढू शकतं, तुरुंगातही पाठवू शकतं. तशी नोटीस कोर्टाकडून ज्यूस सेंटरच्या पत्त्यावर गेली. तारखेच्या दोन दिवस आधी सगळी रक्कम खात्यात जमा झाली, आणि मार्चची नऊ तारखेलाच आली.

रविवारी जावेद अजूनही आलिमाला न्यायला येतो. दारातच उभा राहतो, पाणी विचारलं तर नको म्हणतो. एकदा आलिमा बापाबरोबर पोहण्याच्या तलावावर जाऊन आली. तो तिला सोडून गेल्यावर केसांचं पाणी झटकत तिने विचारलं, "अम्मी, अब्बांना माझे पैसे द्यायला आवडतं का?"

जरीना दुसऱ्या दिवशीचा डबा भरत होती. "नाही आवडत."

"तरी देतात?"

"देतात."

आलिमाने पिशवीतून गॉगल काढला. "मग त्यांना सांग, गॉगलची काच धूसर झालीय."

"तूच सांग," जरीना म्हणाली. "तुझे बाप आहेत. मागायला घाबरायचं नाही."

आलिमाने आईचा मोबाइल घेतला आणि नंबर लावला.